‘लू लागली’ की उष्माघात? फरक आधी आशाताईला कळायला हवा

निंबोला (जि. बुऱ्हाणपूर) : मे महिन्यातलं ऊन काय असतं, हे निंबोल्यापासून रावेरपर्यंत कुणाला सांगायला नको. केळीचे घड वाहणारा मजूर असो की पत्र्याखाली यंत्रमाग चालवणारा कारागीर, चक्कर आली की घरचे ‘लू लागली’ म्हणतात आणि कैरीचं पन्हं देतात. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. पण तो उष्माघात असेल तर उशीर जिवावर बेततो. अशा वेळी दारात आधी पोहोचते ती आशाताई. म्हणून तिचं प्रशिक्षण महत्त्वाचं.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये हवामान बदल व मानवी आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. डॉक्टरांपासून आशांपर्यंत सर्वांना प्रशिक्षण देणं हा त्याचा एक भाग आहे.

ओळखायचं कसं?
घाम, चक्कर, मळमळ आहे, पण माणूस नीट बोलतोय, तर तो उन्हाचा थकवा. सावली, पाणी, ओआरएस द्यायचं. अंग ४० अंशांच्या वर तापलंय आणि माणूस असंबद्ध बोलतोय, झटके येताहेत किंवा शुद्ध हरपलीय, तर उष्माघात. घाम येतोय म्हणून धोका नाही, असं समजू नये. कष्टाचं काम करणाऱ्याला घाम असतानाही उष्माघात होतो.

आधी काय करायचं?
१०८ ला फोन लावायचा आणि गाडीची वाट न पाहता अंगावर पाणी ओतून वारा घालायचा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळी इथे कामाची नाही.

नोंद का हवी?
रजिस्टरमध्ये नुसतं ‘ताप’ लिहिलं की उन्हाचा बळी मोजलाच जात नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं अभ्यासातून पुढे आलं. त्यानंतर २०१३ मध्ये तिथे उष्णता कृती आराखडा आला. आरोग्य कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण त्याचा एक मुख्य भाग होता. महाराष्ट्रात खारघरला एप्रिल २०२३ च्या एका दुपारच्या उन्हामुळे १४ जीव गेले, तेव्हा कुठे उष्माघात घराघरांत चर्चेला आला.

आपल्या भागात मजूर कामासाठी राज्याची हद्द रोज ओलांडतात. आजारी इकडे पडतात, घर तिकडे असतं. म्हणून प्रशिक्षणात आणखी एक गोष्ट हवी: ‘लू’, ‘ऊन लागलं’, ‘उष्माघात’, घरचे काहीही म्हणोत, लक्षणं विचारायची आणि तीच लिहायची.