प्रमाणपत्राची फाईल सांपडत नाहीं तेव्हां

निकालाच्या दिवसांत आमच्या कचेरींतील नव्या संगणकानें गुणांची नोंदवही उघडण्याचें साफ नाकारलें. ही नोंदवही दूरच्या सर्व्हरवर, पोस्टग्रेस नांवाच्या डेटाबेसांत असते. पडद्यावर उमटलेल्या इंग्रजी मजकुराचा आशय असा: मूळ प्रमाणपत्राची फाईल अस्तित्वांत नाहीं, ती पुरवा, नाहीं तर सर्व्हरच्या प्रमाणपत्राची तपासणी बंद करा. पालक दाराशीं ताटकळत होते. दुसरा उपाय एका शब्दाचा होता, आणि आम्ही तो करूं लागलोंही होतों.

तो कां करूं नये, हें विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. संभाषण गुप्त राखणें आणि समोरचा कोण हें ओळखणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. लखोटा कितीही पक्का चिकटविला, तरी भलत्याच्याच हातीं दिल्यावर त्याचा उपयोग काय? बँकेंत खातेदाराच्या सहीचा नमुना असतो, म्हणूनच चेकवरील सही पारखतां येते. आपल्या संगणकांतील मूळ प्रमाणपत्र हा तसाच नमुना होय. सर्व्हरनें पुढें केलेल्या प्रमाणपत्रावरील सही त्याच्याशीं ताडून पाहतात. नमुना नसतां 'रिक्वायर' ही पायरी केवळ गुप्तता देते. 'व्हेरिफाय-सीए' सही पारखते. 'व्हेरिफाय-फुल' सर्व्हरचें नांवही जुळवून पाहते. आमच्या मतें गुणांच्या वहीस हीच शेवटची पायरी योग्य.

आतां दोष कोठें शोधावा? ही फाईल सामान्यतः वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरांत शोधिली जाते. संगणक बदलला, किंवा कार्यक्रम दुसऱ्याच्या नांवानें चालू झाला, कीं ती जागेवर नसते. सर्व्हरचें प्रमाणपत्र नांवावर असून आपण आंकडी पत्ता दिला, तर फाईल असूनही जोडणी अडते. युनिक्स पद्धतीच्या संगणकावर खासगी किल्लीची फाईल इतरांस वाचतां येत असली तरी पोस्टग्रेस ती नाकारतें. हा कडकपणा आम्हांस फार आवडला! २०२३ सालच्या सोळाव्या आवृत्तीपासून संगणकाच्या स्वतःच्या विश्वासयादीवरही विसंबतां येतें; मात्र प्रमाणपत्र खासगी संस्थेनें घरच्या घरीं केलेलें असल्यास तिचा उपयोग नाहीं.

आमचें तसेंच होतें. आम्ही व्यवस्थापकांस दूरध्वनि करून फाईल मागविली, आणि तिची अंकमुद्रा अक्षरशः वाचून जुळविली. अर्धा तास गेला. दाराशीं उभे असलेले पहिले गृहस्थ तोंवर चहा घेऊन परत आले होते.