पान्याआधी मीटर

आमच्या घरची जुनी डिझेल जीप एका हिवाळ्यात सकाळी स्टार्टच घेईना. किल्ली फिरवली की कट्-कट् आवाज, आणि मग शांतता. बुलढाण्याजवळच्या राजूर घाटातली रोजची चढ-उतार तिच्या नशिबी, त्यामुळे धक्का मारून निघण्यातही अर्थ नव्हता. एका गॅरेजात नेली. मिस्त्रींनी बॅटरी बदलली. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग सेल्फ उतरवून कार्बन टाकले, पुढच्या आठवड्यात अल्टरनेटर खोलला. खिशाला भोक पडलं, दुखणं जागच्या जागी.

शेवटी शेजारचा एक पोरगा आला. आयटीआय होऊन नुकताच अप्रेंटिसला लागला होता. त्यानं पाना काढलाच नाही. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावली, दुसरी थेट इंजिनच्या लोखंडाला, आणि म्हणाला, "काका, आता सेल्फ मारा." मीटरवर दोन व्होल्टच्या वर आकडा आला. "इथं अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं नाही पाहिजे. वाट अडलीय." इंजिन आणि चेसिसमधली अर्थिंगची पट्टी हिरवी पडून सडली होती. सेल्फला एका दमात शेकड्यांनी अँपिअर लागतात. तेवढा करंट त्या कुजक्या पट्टीतून जाणार कसा? त्यानं पॉलिश पेपरनं टोकं घासली, बोल्ट आवळला, जीप सुरू.

तो पोरगा त्या मिस्त्रींपेक्षा हुशार होता असं मी म्हणणार नाही. त्यांच्या हाताला तीस वर्षांची सवय आहे, ते नुसत्या आवाजावरून टॅपेट ढिला झालाय हे सांगतात. पण बदलण्याआधी मोजायचं, ही सवय पोराला कुणीतरी लावली होती. ती कुठे आणि कशी लागते, त्यासाठी हा लेख.

शिकायचं कुठे

बुलढाणा जिल्ह्याचे तेरा तालुके. बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, शेगाव अशा ठिकाणी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या बोलण्यातली आयटीआय, आहे. जोडीला खासगी आयटीआयही आहेत. देशभर ही शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे. राज्यात तिचा कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय पाहतं, आणि प्रवेश त्यांच्याच पोर्टलवर ऑनलाइन होतात. प्रत्येक संस्थेत प्रत्येक ट्रेड नसतो. तेव्हा गावाजवळची आयटीआय पाहून फॉर्म भरू नका, आधी ट्रेड पाहा, मग गाव.

दुसरी वाट ज्युनिअर कॉलेजची. अकरावी-बारावी विज्ञानाला द्विलक्ष्यी अभ्यासक्रमात 'स्कूटर अँड मोटरसायकल सर्व्हिसिंग' हा दोनशे गुणांचा विषय आहे. पुष्कळ जण तो गुण वाढवायला घेतात, हे उघड गुपित आहे. तरी ज्यानं खरंच हात काळे केले त्याला दुचाकीची ओळख तिथे होते. धंद्यापुरतं मात्र तेवढं शिक्षण पुरत नाही.

ट्रेड कोणता घ्यावा

'मेकॅनिक मोटर व्हेइकल', सगळे ज्याला एमएमव्ही म्हणतात, तो दोन वर्षांचा. दहावी पास लागतं, गणित-विज्ञानासह. 'मेकॅनिक डिझेल' आणि 'मेकॅनिक ट्रॅक्टर' एकेक वर्षाचे. दुचाकी-तीनचाकीचा वेगळा एक वर्षाचा ट्रेड आहे, आणि विजेवरच्या वाहनांचा नवा ट्रेड दोन वर्षांचा.

माझं मत विचाराल तर ज्याला दोन वर्षं काढता येतील त्यानं एमएमव्हीच घ्यावा. पेट्रोल, डिझेल, ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग असं सगळं त्यात येतं, आणि दोन वर्षांच्या ट्रेडवर पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. खामगावचं शासकीय तंत्रनिकेतन त्यासाठी जिल्ह्यातच आहे. घरी ट्रॅक्टर आहे, शेती सुटत नाही, त्याला एक वर्षाचा ट्रॅक्टरचा ट्रेड पुरतो.

मुलींनी गाड्यांचा ट्रेड घेतला की अजूनही गावात चर्चा होते. जागा त्यांच्यासाठी राखीव असतात. पाना फिरवायला लागतो तो दांड्याच्या लांबीचा हिशोब, दंडाची ताकद नंतर.

फॉर्म भरताना

दहावीचा निकाल लागला की पोर्टल सुरू होतं. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर, हे आधीच काढून ठेवा. सेतू केंद्रावर जूनमध्ये उभं राहायला जागा नसते. विकल्पांचा क्रम विचार करून द्या. पहिल्या विकल्पाची जागा मिळाली की प्रवेश घ्यावाच लागतो, 'पुढच्या फेरीत बघू' चालत नाही. दरवर्षी काही पोरं इथेच फसतात.

कानस, करवत आणि कंटाळा

पोरगा पहिल्या दिवशी येतो तो इंजिन उघडायला मिळेल या आशेनं. हातात मिळते कानस. बाकाच्या व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आवळायचा आणि घासायचा. चारही बाजू सपाट हव्यात, कोपरे गुण्यात हवेत. गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरला की मधून प्रकाशाची रेघ दिसते. रेघ दिसली की पुन्हा घासा. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड येतात, दुसऱ्या आठवड्यात दोन-तीन जण 'ट्रेड बदलून द्या' म्हणून ऑफिसात जातात.

हे कशासाठी, ते आटे पाडताना कळतं. टॅप सरळ धरला नाही तर आटा तिरपा पडतो. पुढे आयुष्यात कधीतरी ॲल्युमिनियमच्या चेंबरला ड्रेन बोल्ट जोर लावून आवळला आणि आटे गेले, तर दोष कुणाचा हे त्या पोराला सांगावं लागत नाही.

मग मोजमाप. व्हर्निअर कॅलिपर ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजतो, मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत. सिलिंडरचा बोअर वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा असा सहा जागी मोजायचा. पिस्टनचा दाब एका अंगाला जास्त पडतो, म्हणून बोअर झिजतो तो अंडाकार. वरच्या बाजूला, जिथे उष्णता जास्त आणि तेल कमी, तिथे झीजही जास्त. हे सहा आकडे वहीत उतरले की नुसत्या नव्या रिंगा टाकून भागेल की बोअर करावा लागेल, ते कागदावरच दिसतं. गॅरेजात हाच निर्णय बोट फिरवून होतो. बोट बऱ्याचदा बरोबर असतं. पण गिऱ्हाइकाला बोट दाखवता येत नाही, आकडा दाखवता येतो.

एमएमव्हीच्या दोन वर्षांचा हिशोब असा: वर्षाला १,२०० तास, त्यातले पहिल्या वर्षी ८४० प्रात्यक्षिकाचे, २४० थिअरीचे आणि १२० रोजगार कौशल्यांचे. शिवाय दरवर्षी १५० तास प्रत्यक्ष कामावर किंवा प्रकल्पावर. हजेरी ८० टक्के. परीक्षा अखिल भारतीय पातळीवर होते, आणि थिअरीला ३३ टक्क्यांत निभावतं तरी प्रात्यक्षिकाला ६० लागतात.

जुनी युक्ती, नवा धोका

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे धुराचे निकष लागू झाले आणि गॅरेजांची झोप उडाली. दुचाकीचा कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. डिझेल गाड्यांना काजळी धरणारा फिल्टर आला, मोठ्या गाड्यांना युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आली. त्या द्रावणात युरिया ३२.५ टक्के, बाकी शुद्ध पाणी. शेतातला युरिया नळाच्या पाण्यात कालवून टाकणारे शहाणे निघाले, आणि सगळी यंत्रणा बदलण्याचं बिल भरून आले.

एक गोष्ट मात्र प्रत्येक नव्या पोरानं पक्की ध्यानात ठेवावी. जुनं डिझेल इंजिन मिस मारू लागलं की मिस्त्री एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट ढिला करून बघायचे. ज्याचा नट सोडल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. झकास युक्ती होती. कॉमन रेल इंजिनवर ती करायची नाही, काही झालं तरी नाही. तिथे डिझेलचा दाब १,६०० बार आणि त्याहूनही वर जातो. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून बोटाच्या आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आत बोट सडायला लागतं. असं झालं तर 'बघू उद्या' करू नका, लगेच मोठा दवाखाना गाठा.

मग मेलेला सिलिंडर शोधायचा कसा? डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, तिथे स्कॅनर लावायचा. 'पी ०३०१' असा कोड आला तर पहिला सिलिंडर मिस मारतोय. इथेही घाई नको. कोड दुखणं कुठे आहे ते सांगतो, का आहे ते सांगत नाही. इंजेक्टर, वायर, पेट्रोल गाडीत कॉइल किंवा प्लग, काहीही असू शकतं. कोड वाचला की तो भाग बदलणारा आणि माझ्या जीपची बॅटरी बदलणारा, दोघे एकाच माळेचे मणी.

आपल्या जिल्ह्याच्या गाड्या

पुस्तक दिल्लीत ठरतं, गाडी मात्र संग्रामपुरात बंद पडते.

जिल्ह्याच्या उत्तरेला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आहे, शेगाव-संग्रामपूरच्या बाजूचा. तिथलं बोअरचं पाणी पिववत नाही, पण ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये सर्रास ओततात. पाणी उडून जातं, क्षार आत बसतात. नळ्या आतून बारीक होत जातात आणि ऐन पेरणीत काटा लाल रेघेवर जातो. थर्मोस्टॅट बदला, पंप बदला, उपयोग नाही. वर हात लावून बघितलं की रेडिएटरचा एक पट्टा गरम, शेजारचा गार लागतो. दुखणं तिथेच. कूलंट शुद्ध पाण्यातच मिसळायचा आणि बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, हे आयटीआयत सगळीकडे शिकवतात. आमच्याकडे ते शिकवताना आवाज थोडा चढवावा.

दक्षिणेला समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, पुढे ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या तालुक्यांतून तो जातो. गावच्या रस्त्यावर चाळीसनं चालणारी गाडी तिथे तासन् तास शंभरच्या वर पळते. हवा कमी असलेला टायर दर फेऱ्याला चेपतो, चेपण्यानं तापतो, तापून फुटतो. म्हणून टायर बघताना नुसती नक्षी पाहू नये. कडेला चार आकडी शिक्का असतो: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असून रबर म्हातारं झालेले टायर आमच्याकडे लग्नाच्या गाड्यांना फार दिसतात.

आणि मध्ये घाट. बुलढाणा-मोताळा रस्त्यावर राजूर घाट उतरताना गिअर न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे चालक अजून आहेत. त्यांच्या गाडीचं ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल तळाला जातं, गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि जुनं झालं की कमी उष्णतेला उकळतं. दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, हे किती गाडीमालकांना ठाऊक आहे?

सर्टिफिकेट मिळाल्यावर

पहिली पायरी अप्रेंटिसशिप. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एसटी महामंडळ दरवर्षी विभागवार मुलं घेतं. बुलढाणा विभागाचे चिखली, खामगाव, मेहकर, मलकापूर असे आगार आहेत. तिथे रोज रात्री बस येते, रोज सकाळी ती निघालीच पाहिजे. घाई आणि शिस्त एकत्र शिकायला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. विद्यावेतन थोडंच असतं. २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्यासाठी किमान ७,००० रुपये धरले होते. बरेच जण छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजला किंवा चाकणला जातात. तिथे पगार बरा, पण लाइनवर आठ तास एकच बोल्ट आवळायचा असेल तर दुरुस्ती विसरायला होते. दुरुस्तीच करायची असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दोन वर्षं काढलेली बरी.

स्वतःचं गॅरेज टाकायचं तर उद्यम नोंदणी फुकट होते. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात जिल्हा उद्योग केंद्रामार्फत कर्ज आणि १५ ते ३५ टक्के अनुदान मागता येतं. पहिली खरेदी चांगल्या पान्यांचा संच, टॉर्क रेंच, मल्टिमीटर आणि स्कॅनर. हायड्रॉलिक लिफ्ट दोन वर्षांनी आली तरी चालते, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधी शिरू नये, खाली स्टँड हवेतच.

आणखी एक, जळक्या ऑइलचं. आमच्याकडे ते वाळवीसाठी लाकडाला फासतात, उरलेलं नालीत जातं. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे ते परवानाधारक पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यायचं असतं. गॅरेजच्या कोपऱ्यात झाकणाचा एक पिंप ठेवला की ते साठतं, आणि त्याचे पैसेही येतात.