मलेशियाचे वार्तापत्र : रबराचा चीक आणि गॅमा किरण

क्वालालंपूर : रबराच्या झाडाचा चीक म्हणजे पाण्यात तरंगणारे रबराचे अतिसूक्ष्म कण. ताज्या चिकात रबर सुमारे 30 टक्के असते. अपकेंद्री यंत्रातून फिरवून ते 60 टक्क्यांवर नेतात आणि चीक साकळू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात. असा चीक नुसता वाळवला तर हाती येणारा पापुद्रा चिकट आणि कमजोर असतो. रबराच्या लांब रेणुसाखळ्या जागोजाग एकमेकींशी जोडल्या गेल्या, तरच ताणून सोडलेले रबर मूळ आकारात परतते. ही जोडणी चार्ल्स गुडइयर यांनी 1839 मध्ये गंधक आणि उष्णतेने साधली. जगातले बहुतेक रबर आजही त्याच वाटेने जाते. तेच काम किरणांनी करणारा प्रकल्प मलेशियाच्या अणुसंशोधन संस्थेने 1990च्या दशकात सेलांगोर राज्यात उभारला. त्याचे नाव रेमिन्टेक्स.

या देशाने त्यात लक्ष घालण्याला कारण होते. लंडनच्या क्यू उद्यानातून 1877 मध्ये सिंगापूरला आलेल्या रोपांपासून मलायातल्या रबर लागवडीला सुरुवात झाली. मलाक्कात 1896 मध्ये पहिला व्यापारी मळा उभा राहिला आणि पुढे इंग्रज मळेवाल्यांनी चीक काढण्यासाठी तमिळ मजूर आणले. नंतर बऱ्याच मळ्यांची जागा तेलताडाने घेतली, आणि आता हातमोज्यांच्या कारखान्यांना चीक मोठ्या प्रमाणात थायलंडहून आणावा लागतो. तरीही हातमोज्यांच्या निर्यातीत मलेशिया जगात पहिला आहे.

एड्सच्या भीतीने 1980च्या दशकात दवाखान्यांतील हातमोज्यांचा वापर एकदम वाढला, आणि पाठोपाठ तक्रारीही. काहींना चिकातल्या प्रथिनांची अॅलर्जी होई, तर काहींची त्वचा गंधकाची क्रिया जलद व्हावी म्हणून घातलेल्या डायथायोकार्बामेटसारख्या रसायनांमुळे लाल होई. या रसायनांपैकी काहींपासून नायट्रोसामाइन तयार होतात. त्यांतली अनेक कर्करोगकारक आहेत. लहान मुलांच्या चोखण्यांत त्यांचा अंश राहू नये म्हणून युरोपात कडक मर्यादा घातल्या गेल्या.

किरणांच्या पद्धतीत गंधक नाही, जस्ताचे ऑक्साइड नाही आणि ही रसायनेही नाहीत. जाड काँक्रीटच्या भिंतींआड ठेवलेल्या कोबाल्ट-60 मधून 1.17 आणि 1.33 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे गॅमा किरण निघतात. ते चिकातून जाताना पाण्याचे आणि रबराचे रेणू तुटून अतिक्रियाशील तुकडे निर्माण होतात आणि त्यांच्यामुळे शेजारच्या साखळ्या एकमेकींशी बांधल्या जातात. ही सगळी जोडणी प्रत्येक कणाच्या आत होते. म्हणून चीक बाहेरून द्रवच राहतो, पिंपात भरता येतो, कारखान्यात नेता येतो. हाताच्या आकाराचा साचा त्यात बुडवून काढला आणि थर वाळवला की पक्के रबर तयार. पुन्हा गंधकाची भट्टी लागत नाही. या किरणांची ऊर्जा अणूचे केंद्रक बदलण्याइतकी नसते, त्यामुळे चीक किरणोत्सारी होत नाही, हे इथे ठामपणे सांगायला हवे.

खरी अडचण किरणांच्या मात्रेची होती. नुसत्या चिकाला 200 ते 300 किलोग्रे (किलोग्रे हे शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) इतका मारा लागे आणि तो परवडणारा नव्हता. कार्बन टेट्राक्लोराइड घातल्यास मात्रा उतरे, पण ते विषारी. जपानमधील ताकासाकी येथील संशोधकांनी नॉर्मल ब्युटाइल अॅक्रिलेट पुढे आणले. रबराच्या 100 भागांना ते 5 भाग घातले की 12 ते 15 किलोग्रे पुरतात. इतक्या किरणांनी चीक काही अंशांनीच तापतो. मात्र अॅक्रिलेटमुळे चीक दाटून फाटण्याचा धोका असतो, म्हणून आधी थोडे पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालावे लागते. पद्धतीचे सारे यश या सांभाळण्यावर आहे.

तयार रबर मऊ, पारदर्शक आणि जाळल्यावर गंधकाचा धूर फारच कमी देणारे असते. किरणांनी प्रथिनांचेही तुकडे होतात आणि ती पाण्यात सहज विरघळतात, त्यामुळे धुण्याने बरीचशी निघून जातात. उणिवाही आहेत. हे रबर फाटायला सोपे असते आणि ते टिकण्यासाठी ऑक्सिडीकरण रोखणारे द्रव्य घालावेच लागते.

निसर्गातली सगळीच बहुवारिके (लांब रेणुसाखळ्यांचे पदार्थ) मात्र किरणांनी जोडली जात नाहीत. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसानच्या साखळ्या उलट तुटतात. तसे आखूड झालेले कायटोसान पिकांची रोगप्रतिकारशक्ती जागवते, म्हणून मलेशियात भातावर त्याचे प्रयोग झाले. स्टार्चही एकटा असता तुटतो. सारावाकमधील मुकाह भागात सागो ताडाच्या खोडातून निघणारा स्टार्च दुसऱ्या योग्य बहुवारिकासोबत पाण्यात मिसळून त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, तर पाणी धरून ठेवणारी थलथलीत जेल तयार होते. जखमेवरच्या पट्टीसाठी ती उपयोगी पडते. जोडणी आणि निर्जंतुकीकरण एकाच झोतात उरकते, हे या कामाचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे अंग आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रानेही भाजलेल्या जखमांसाठी अशीच जेल विकसित केली.

बाजारात मात्र गॅमा चिकाचे हातमोजे जिंकलेले नाहीत. ती जागा पेट्रोलियमपासून बनणाऱ्या नायट्राइलने घेतली. त्यात चिकाची प्रथिने नसतातच, आणि छिद्र पडण्यालाही ते जास्त दाद देत नाही. कोबाल्टचा खर्चही आड येतो. त्याची शक्ती 5.27 वर्षांत निम्मी होते, यंत्र चालो वा बंद राहो, त्यामुळे प्रकल्प वर्षभर भरलेला असेल तरच हिशेब जुळतो. या पद्धतीचे खरे क्षेत्र चोखण्या, कॅथेटर, फुगे अशा पातळ, मऊ आणि अंगाला लागणाऱ्या वस्तूंचे आहे. तिथे तिच्या स्वच्छतेला नायट्राइलचा पर्याय नाही.

भारतात रबर बोर्डाच्या कोट्टायम येथील संशोधन संस्थेत असा प्रायोगिक प्रकल्प 1990च्या दशकातच उभा राहिला. दोडामार्ग तालुक्यात आणि गोव्यात आज रबराच्या बागा आहेत. तिथल्या बागायतदारांनी केवळ शीट विकण्यावर न थांबता, चिकापासून मुलांच्या आणि रुग्णांच्या वस्तू बनवू पाहणाऱ्या उद्योजकांसह ही पद्धत एकदा नीट अभ्यासावी.