वास्तू आणि सूर्यप्रकाश

माणसाचे छायाचित्र घेताना त्याला थोडे वळावयास सांगता येते, उजेडाकडे तोंड करावयास सांगता येते. घराला किंवा देवळाला असे काही सांगता येत नाही. वास्तू ज्या दिशेला तोंड करून बांधली गेली, त्याच दिशेला ती शतकानुशतके उभी असते. हलतो तो सूर्य आणि हलू शकतो तो छायाचित्रकार. म्हणूनच कोठे उभे राहावे आणि केव्हा उभे राहावे, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत वास्तूच्या छायाचित्रणाचे बहुतेक सारे शास्त्र सामावलेले आहे.

छायाचित्रणाचा आरंभच मुळी वास्तूपासून झाला. फ्रान्समधील नीसेफोर नीप्स याने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या इमारतींचे चित्र घेतले. निसर्गातील दृश्याचे आज टिकून असलेले ते सर्वांत जुने छायाचित्र होय. त्या काळच्या पत्र्यावर चित्र उमटण्यास फार वेळ लागे. तेवढ्या अवधीत सूर्य आकाशाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस गेला. परिणामी, समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडल्याचे त्या चित्रात दिसते. प्रत्यक्षात असे दृश्य कोणाच्याही डोळ्यांना कधी दिसले नसेल. आजचा कॅमेरा क्षणार्धात चित्र टिपतो. त्यामुळे तो क्षण कोणता निवडावा, ही जबाबदारी छायाचित्रकारावर येऊन पडली आहे.

ही निवड कशी करावी, हे पनवेलच्या उदाहरणावरून चांगले समजते. पनवेल हे खाडीकाठचे जुने व्यापारी गाव. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता खुला झाल्यावर मुंबईहून जलमार्गाने पनवेलला उतरून पुण्यास जाण्याचा प्रघात पडला. अशा गावातील जुने कौलारू घर डोळ्यांसमोर आणावे. पुढे पडवी, तिच्या मागे ओटी, आत काळोखे माजघर, वर पुढे आलेली वळचण आणि तिच्याखाली नक्षीचे लाकडी खांब. या घराचे तोंड पूर्वेला आहे असे समजू. सूर्योदयानंतर लगेच ऊन समोरून सरळ घरावर पडते. घर उजळून निघते खरे, परंतु खांबांवरील नक्षी सपाट दिसते. कारण खाच आणि उंचवटा यांवर सारखाच प्रकाश पडलेला असतो. हिवाळ्यात दहाच्या सुमारास सूर्य आग्नेयेकडे सरकतो आणि ऊन घराच्या दर्शनी भागावर बाजूने तिरपे पडते. मग प्रत्येक खाचेत बारीक सावली भरते आणि पाने, फुले, कंगोरे लाकडातून वर उठून दिसू लागतात. नक्षी प्रकाशामुळे दिसते, हे अर्धेच सत्य आहे. तिला आकार देते ती सावली.

पनवेल हे सुमारे १९ उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. त्यामुळे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्या वेळी वळचणीची सावली ओटीवर काळ्या पट्ट्यासारखी पडते आणि घराचा चेहराच झाकून जातो. उलट, डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशच वर असतो. म्हणून दक्षिणाभिमुख वास्तूला हिवाळा मानवतो. उत्तराभिमुख भिंतीला हिवाळ्यात ऊन मिळतच नाही. मे महिन्यात सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन तिच्या वाट्याला येते. पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाश गाळून आल्यासारखा सौम्य होतो. सावल्या पुसट होतात, पण ओली कौले आणि काळा दगड यांचे रंग मात्र खुलतात.

वेळ ठरली की जागा ठरवावी लागते. उंच इमारतीजवळ उभे राहून कॅमेरा वर कलविला, तर तिच्या उभ्या कडा वर जाताना एकमेकींजवळ येतात आणि इमारत मागे रेलल्यासारखी भासते. कॅमेरा क्षितिजाशी समांतर धरला, की त्या कडा सरळ राहतात. त्यासाठी दूर जावे किंवा समोरच्या घराच्या माडीवरून चित्र घ्यावे. दर्शनी भागाची सममिती दाखवावयाची असल्यास अगदी समोर उभे राहावे. घराची खोली दाखवावयाची असल्यास कोपऱ्याकडून पाहावे. ओटीच्या पायरीवर कोणी बसलेले असेल, तर दाराची उंची किती, खांब केवढा, हे पाहणाऱ्यास न सांगता कळते.

पार्श्वभूमीचाही विचार करावा लागतो. पनवेलजवळील शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी झाला, आणि त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. या परिसरातील घराच्या चित्रात कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका मागे दिसला, तर ते चित्र केवळ घराचे राहत नाही. घर आणि गड यांचे नातेही ते सांगते. मात्र घराला खेटून उभे राहिल्यास सुळका ठेंगणा दिसतो. बरेच मागे जाऊन दूरचे भिंग लावल्यास त्याला योग्य उंची लाभते.

हे सारे केवळ सुंदर चित्रासाठी नाही. पनवेलची नगरपालिका १८५२ ची. २०१६ मध्ये तेथे महानगरपालिका झाली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेलनजीक नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. वाढत्या नगरात जमिनीला मोल येते आणि कौलारू घरे उतरविली जातात. राहणाऱ्यांना पक्के, सोयीचे घर हवे असते. त्यात त्यांचा दोष नाही. परंतु तुळई खांबावर कशी टेकविली होती, देवळी कोठे होती, हे घर उतरविल्यानंतर कोण सांगणार? रॉबर्ट गिल याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यात अनेक वर्षे वेचली. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. त्याने घेतलेली लेण्यांची छायाचित्रे मात्र १८६४ मध्येच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती, म्हणून ती राहिली. ज्याच्या अनेक प्रती होतात, ते सहजासहजी नष्ट होत नाही.

आज बहुतेक घरांत छायाचित्र घेणारा भ्रमणध्वनी आहे. घर उतरविण्यापूर्वी त्याचे समोरून एक, कोपऱ्यावरून एक आणि खांबांच्या नक्षीचे तिरप्या उन्हात एक, अशी तीन चित्रे कोणालाही घेता येतील. त्यांसोबत स्थळ, दिशा, दिनांक आणि वेळ लिहून ठेवावी. पुढे एखाद्या सुताराला तसाच खांब घडवावयाचा झाला, तर त्या तीन चित्रांवरून त्याला आपले काम सुरू करता येईल.