अजून जीव आहे तिथे

मे महिना सरत आला की अलिबाग-रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, गडबड सुरू होते. कौलं चाळून होतात, लाकूडफाटा पडवीत येतो, मसाल्याच्या बरण्या भरतात. याच दिवसांत एक अख्खा दिवस घरातल्या जुन्या वस्तूंसाठी राखून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. कापड कडकडीत वाळवणारं ऊन नंतर चार महिने मिळत नाही, आणि गोधडीत दमट कापड गेलं तर कुबट वास पावसाळाभर जात नाही.

सकाळी गोधडीचं काम काढते. साडी हातात घेतली की लगेच कात्री लावायची नाही. शेजारच्या काकी सांगतात, “आधी उजेडासमोर धर बाय.” खिडकीशी साडी ताणून धरली की सगळं कळतं. जिथे वीण विरली आहे तिथून उजेड झिरपतो. रोज घासणारा खालचा घेर आणि मधला भाग हमखास विरळ झालेला असतो. खोचून आत राहिलेला भाग आणि काठ मात्र घट्ट असतात. शंका आली तर दोन्ही अंगठ्यांनी कापड ताणून बघायचं. टिकलं तर ते बाहेरच्या थराला, विरलेलं आतल्या थरांना. विरलेलं सुती कापड मऊ असतं, त्यामुळे पोटात तेच चांगलं. सिंथेटिक साडी मी घालतच नाही. ती सुईखाली सरकते आणि घाम टिपत नाही.

थर लादीवर एकावर एक अंथरायचे, चारी कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवायचा आणि मधून बाहेर हात फिरवत सुरकुती काढायची. मग लांब कच्चे टाके. ते पडले की गोधडी उचलली तरी थर हलत नाहीत. पक्का धावदोरा काठापासून सुरू करून आत आत न्यायचा. टाका फार ओढला तर कापड चुणतं, सैल राहिला तर पायाच्या बोटात अडकतो. एका दिवसात गोधडी पुरी होत नाही, व्हायचं कारणही नाही. कच्चे टाके पडले की उरलेलं काम पावसातल्या दुपारींचं.

जेवणाआधी अंगणातली वाळकी झावळी ओढून घेते. पातीच्या दोन्ही बाजू कोयत्याने सोलल्या की मधला हीर हातात येतो. हिरांचे बुंधे जमिनीवर आपटून एका पातळीत आणायची आणि काथ्याने आवळून बांधायची, की खराटा तयार. उरलेली पाती आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत जाते.

ऊन कललं की जाळ्याचं काम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ते दिवस जवळ आले की कोळीवाड्यांत जाळी दुरुस्तीला निघतात, आणि दुरुस्तीपलीकडचे तुकडे मागितले तर मिळतात. इथेही आधी परीक्षा. उन्हात पडून राहिलेलं नायलॉन पांढुरकं, कोरडं होतं आणि ताणल्यावर काडकन तुटतं. चांगलं जाळं बोटाला करकचतं. त्यातली प्रत्येक गाठ स्वतंत्र असते, म्हणून जाळ्याचा एक डोळा (आस) तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत आणि हवा तसा तुकडा कापता येतो. पडवळ, शिराळी, कारली यांच्या मांडवावर तो ताणून बांधला की वेलाला धरायला जागोजागी आधार मिळतो. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यात नारळी-पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा पोफळीची खोडं चिरून अशाच मांडवांना वासे मिळाले होते. त्या वाशांमागे कित्येकांचं अनेक वर्षांचं उत्पन्न गेलं, हे विसरता येत नाही.

जाळं जमिनीपर्यंत सोडू नये. साप, सरडे त्यात अडकून मरतात. नायलॉन कुजत नाही, म्हणून समुद्रात सुटलेलं जाळं कुणी ओढत नसतानाही मासे आणि कासवं अडकवत राहतं. संरक्षित सागरी जीव सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देणारी योजना राज्याने २०१८ मध्ये सुरू केली. फाटका तुकडा वाऱ्यावर किंवा चुलीत जाऊ न देणं, एवढी जबाबदारी आपण घरी घ्यायलाच हवी. उरलेले बारीक तुकडे मी गोणीत भरून ठेवते.

या तिन्ही कामांत डिंक कुठेच लागत नाही, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. रंग फासून, चिकटवून केलेली शोभेची वस्तू बिघडली की तिचं पुढे काही होत नाही. शिवलेलं उसवता येतं, बांधलेलं सोडता येतं. गोधडी झिजली की तिचे आतले थर पुसायच्या फडक्यांना जातील, घट्ट राहिलेला काठ पुढच्या गोधडीला लागेल. खराट्याचे हीर झिजले तरी काथ्या सोडवून तो पुन्हा वापरता येईल. म्हणून टाके घालताना मजबुतीबरोबर हेही पाहावं, की काही वर्षांनी आगोटीत कुणी ती गोधडी उसवायला बसलं, तर त्याला दोरा सहज सापडावा आणि चांगलं कापड न फाटता हाती यावं.