शनिवारवाड्याचे भूत आणि वसईचा किल्ला

हंगामाची शेवटची मोळी गव्हाणीत पडली की आमच्या शेतकी खात्याला चार दिवस जरा उसंत मिळते. त्या उसंतीत यंदा आम्ही गटातील चाळीस सभासदांना घेऊन अभ्यास-सहलीला गेलो. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये बेणे व रोपे पाहिली. त्याचा वृत्तांत पुढील अंकी देऊ. आज सांगायचे आहे ते भुताबद्दल.

होय, भुताबद्दलच! मांजरीहून पुण्यात शिरताना गाडीत दुसरा विषयच नव्हता. "साहेब, पुनवेच्या रात्री शनिवारवाड्यात 'काका, मला वाचवा' असं वरडल्यालं ऐकू येतं म्हणं. खरं का?" आम्ही म्हटले, "जागा तर बघू, मग बोलू."

थोरल्या बाजीरावांनी १७३० साली या वाड्याचा पाया घातला. १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या. आज उभे आहेत ते तट, बुरूज, दरवाजे आणि आतले जोते. दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे हत्तीने धडक देऊ नये म्हणून. ते पाहून मंडळी थक्क झाली. पण आमचे सभासद पडले बागायतदार. हजारी कारंज्याजवळ येताच पहिला सवाल, "पाणी कुठनं आणलं होतं?" पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ बांधून पुण्यात पाणी आणले होते, हे सांगितल्यावर सर्वांनी माना डोलावल्या. एवढ्या लांबून पाणी आणणाऱ्या घराला घरातले वैर मात्र आवरता आले नाही.

३० ऑगस्ट १७७३. नारायणराव पेशवे अवघे अठरा वर्षांचे. चुलते रघुनाथराव याच वाड्यात त्यांच्या नजरकैदेत होते. गारदी तलवारी उपसून आत घुसले. पोर धावत चुलत्याकडे गेले, गळ्याला मिठी मारली, तरी वाचले नाही. आनंदीबाईंनी चिठ्ठीत 'ध' चा 'मा' केला, ही आख्यायिका आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. अक्षर कोणी बदलले ते बाजूला ठेवू. रामशास्त्री प्रभुण्यांनी रघुनाथरावांना दोषी धरले, हे मात्र सर्वश्रुत आहे.

हे सांगत असताना आमचे लक्ष दोघांकडे होते. नावे सांगत नाही. एकाच भावकीतले चुलते-पुतणे. विहीर सामाईक, मोटार सामाईक, बांधाची केस कोर्टात. गेल्या उन्हाळ्यात स्टार्टरच्या पेटीला एकाने कुलूप लावले, दुसऱ्याने ते तोडले. या भांडणात दोघांचाही खोडवा पाण्यावाचून वाळला. आमच्या शेतकी मदतनीसाने चार खेपा घातल्या, उपयोग शून्य. सहलीतही एक गाडीच्या पुढच्या बाकावर, तर दुसरा पार मागच्या.

दुसरे दिवशी वसई गाठली. समुद्राच्या काठाला गाव, शेजारी पाचूबंदरचे कोळी लोक, वाळत घातलेल्या मासळीचा वास, आणि झाडीत दडलेला पोर्तुगीजांचा किल्ला. छपरे गेलेली चर्चे, वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी धरलेल्या भिंती. इथेही रात्री लढाईच्या आरोळ्या ऐकू येतात, अशी बोलवा आहे. भरदुपारीसुद्धा आत शुकशुकाट होता.

१५३४ पासून वसई पोर्तुगीजांकडे होती. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वेढा घातला. बुरुजाखाली सुरुंग खणले, मराठ्यांची हजारो माणसे पडली, तेव्हा मे महिन्यात किल्ला हाती आला. चिमाजी अप्पा म्हणजे थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ. एक भाऊ उत्तरेच्या राजकारणात, तर दुसरा कोकणच्या मोहिमेवर. दोघांची एकी होती म्हणून वसई मिळाली.

आणि पुढे? नारायणरावांच्या खुनानंतर कारभारी विरोधात गेले. गादी टिकवण्यासाठी रघुनाथराव इंग्रजांच्या दारी गेले. १७७५ साली सुरतेच्या तहात त्यांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली. ज्या बाजीरावांच्या भावाने वसई जिंकली, त्यांच्याच मुलाने ती छत्तीस वर्षांनी कागदावर देऊन टाकली! १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली, साष्टी गेली ती गेलीच. पुढे १८०२ च्या अखेरीस रघुनाथरावांचे पुत्र दुसरे बाजीराव याच वसईत आले आणि इंग्रजांची फौज पदरी घेण्याच्या तहावर त्यांनी सही केली. १८१८ त पेशवाई संपली.

तटावर बसून आम्ही हे सांगितले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ते चुलतेच म्हणाले, "म्हंजे भांडली घरातली, आन् खाल्लं तिसऱ्यानं." मागून पुतण्याचा आवाज आला, "वकिलानं म्हणा की." सारे हसले. ते दोघेही हसले, पण एकमेकांकडे न बघता.

सहलीने भांडण मिटले असे आम्ही लिहिणार नाही. बांधाची केस चालूच आहे. मात्र तीन आठवड्यांनी दोघे आपापल्या मोटारसायकलवर गट ऑफिसात आले. मोटारीचे तीन दिवस याचे, तीन दिवस त्याचे, सातवा दिवस दुरुस्तीचा, अशी पाळी आम्ही कागदावर लिहिली. खाली दोघांच्या सह्या झाल्या. यंदा दोघांच्याही आडसाली लागणीची नोंद आमच्याकडे आहे.

सभासद बंधू-भगिनींनो, पुनवेच्या रात्री वाड्यात कोण ओरडते ते आम्हास ठाऊक नाही. पण भावकीच्या भांडणात वाळलेला ऊस आम्ही दर उन्हाळ्यात डोळ्यांनी बघतो. ते भूत खरे. सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी तोंडी ठेवू नका, लिहून ठेवा. वाटणी करायचीच असेल तर सर्वांच्या संमतीने जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. कागद कसा करावा हे समजत नसेल तर गट ऑफिसात या, आम्ही बसून सांगू. आणि सवड काढून शनिवारवाडा व वसई दोन्ही बघून या. जमले तर भावाला सोबत घेऊन जा.

– ऊस विकास अधिकारी