अंतरालाचे चिन्हलेखन
अंतरालाचे चिन्हलेखन म्हणजे दोन वास्तव संख्यांच्या दरम्यान असलेल्या सर्व संख्यांचा संच कंसांच्या साहाय्याने दर्शवण्याची पद्धत होय. दोन्ही अंत्यबिंदू संचात असल्यास अंतराल संवृत, दोन्ही नसल्यास विवृत आणि एकच असल्यास अर्धविवृत म्हटले जाते.

संवृत अंतराल चौकोनी कंसांत [२, ५] असे लिहितात. वगळलेला अंत्यबिंदू दर्शवण्यासाठी मात्र दोन संकेत रूढ आहेत:

* गोल कंस: विवृत (२, ५), अर्धविवृत [२, ५). भारतातील पाठ्यपुस्तकांत हा संकेत आढळतो.
* उलटा चौकोनी कंस: विवृत ]२, ५[, अर्धविवृत [२, ५[. बुर्बाकी या फ्रेंच गणितज्ञांच्या गटाने वापरलेला हा संकेत फ्रान्समध्ये प्रचलित आहे.

आयएसओ ८००००-२ या आंतरराष्ट्रीय मानकात दोन्ही संकेत दिले आहेत.

(२, ५) हे चिन्ह क्रमित जोडीसाठी, म्हणजेच प्रतलावरील बिंदूसाठीही वापरले जाते. त्यामुळे अर्थ संदर्भावरून ठरवावा लागतो. उलट्या कंसांमुळे ही संदिग्धता टळते. ज्या देशांत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, तेथे संख्यांची गल्लत होऊ नये म्हणून अंत्यबिंदूंमध्ये अनेकदा अर्धविराम देतात; उदा., [२; ५].

अर्धविवृत अंतराले एकमेकांना न छेदता सलग जोडता येतात. [०, १०) आणि [१०, २०) यांत १० ही संख्या केवळ दुसऱ्या अंतरालात येते. सांख्यिकीतील असमावेशक वर्ग याच तत्त्वावर आधारलेले आहेत.